चारशेवीसचा कोड : पी ०४२० काय सांगतो आणि काय सांगत नाही

आज आपण एकच कोड घेणार आहोत. एका व्याख्यानात दहा कोड उरकता येतात, पण घरी जाईपर्यंत त्यातलं काही लक्षात राहत नाही. म्हणून एकच, आणि तोही खिशाला सगळ्यात जास्त चटका लावणारा.

पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालायला व्यवस्थित असते, पिकअप ठीक, आवाज ठीक. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की अक्षरं येतात, पी ०४२०, आणि खाली एक इंग्रजी ओळ, जिचा अर्थ असा की 'बँक १ च्या कॅटॅलिस्टची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली'. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, कॅटकॉन गेला." आणि पाच आकडी रक्कम सांगतो. कधी तो बरोबर असतो. पण कोड तसं म्हणत नसतो. आजचा सगळा विषय या फरकाचा आहे.

आकडा ऐकून इथे कोणीतरी हसलंच. चारशेवीस! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं, तरी आपल्या तोंडातला चारशेवीस काही जाणार नाही. या कोडचा त्याच्याशी संबंध नाही, निव्वळ योगायोग. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे कोड सगळ्या कंपन्यांना समान, एखाद्या कंपनीचा स्वतःचा नाही. चार म्हणजे प्रदूषण नियंत्रणाची साधनं. वीस हा त्यातला क्रमांक. बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. आपल्याकडच्या बहुतेक तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांना बाजू एकच असते, त्यामुळे त्यात डोकं घालू नका.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. कॅलिफोर्नियाच्या हवेच्या प्रश्नातून ती आली, आणि १९९६ च्या मॉडेलपासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत.

आता कॅटकॉन. शुद्ध मराठीत 'उत्प्रेरक परिवर्तक', पण हे गॅरेजमध्ये म्हणून बघा, काय मिळतं ते! सायलेन्सरच्या पाइपात इंजिनजवळ एक फुगीर डबा असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीच्या जातीची वीट, तिला बारीक उभी छिद्रं, आणि छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. इंजिनमधून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा इथे कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. हे घडायला डबा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापावा लागतो. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर तो जवळपास झोपलेलाच असतो.

पण आपल्या कोडच्या दृष्टीनं महत्त्वाचा घटक वेगळाच आहे. त्या थरात सेरियम ऑक्साइड असतं. धुरात ऑक्सिजन जास्त आला की ते तो धरून ठेवतं, कमी पडला की सोडतं. घरातल्या पाण्याच्या टाकीसारखं समजा. नळाला पाणी येवो-जावो, टाकी भरलेली असेल तर स्वयंपाकघरात धार एकसारखीच येते.

कॅटकॉनच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. इंजिनचा कॉम्प्युटर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनानं १४.७ ला १ च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो, किंचित इकडे, किंचित तिकडे. त्यामुळे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होत राहतो. (काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याचा आलेख असा नाचत नाही. स्कॅनरवर तो शांत दिसला म्हणून लगेच घाबरू नका.) टाकी शाबूत असेल तर मागच्या सेन्सरपर्यंत ही वरखाली पोचत नाही. तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास निवांत बसतो. टाकी लहान झाली की मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागतो. काही गाड्या मुद्दाम थोडं पेट्रोल वाढवून, मग कमी करून, मागचा सेन्सर किती वेळानं जागा होतो तेही मोजतात.

इथे जरा थांबू. गाडीत कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र कुठेच नाही. कॉम्प्युटरला धूर दिसत नाही, वास येत नाही. दोन सेन्सरच्या हालचालींवरून टाकी किती मोठी उरली असेल, याचा तो अंदाज करतो. अंदाज दोन वेगवेगळ्या फेऱ्यांमध्ये नापास आला की सहसा दिवा लावतो. म्हणजे पी ०४२० हे एका परीक्षेचं नाव आहे. विद्यार्थी नापास झालाय हे खरं, पण अभ्यास नव्हता, की ताप होता, की पेपरच भलता दिला होता, ते निकालपत्रावर लिहिलेलं नसतं.

मग करायचं काय? आधी बाकीचे कोड बघा. सोबत मिसफायरचा पी ०३०० किंवा त्याच्या घरातला कोड असेल, किंवा मिश्रण पातळ असल्याचा पी ०१७१, तर आधी ते मिटवायचं. हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं. मिसिंग असलेल्या इंजिनवर नवा कॅटकॉन बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणं.

मग फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणाचं तापमान, वेग, इंजिनचे फेरे, लोड हे सगळं कॉम्प्युटरनं जपून ठेवलेलं असतं. दिवा लागला तेव्हा गाडी हायवेवर होती की सिग्नलला, हे मालकाला आठवत नसलं तरी गाडीला आठवतं. गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी हा तक्ता मोबाइलवर काढून घ्या. एकदा पुसला की गेला.

त्यानंतर फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर मूळ हिशोबात किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो आकडा. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम. कायम दहा टक्क्यांच्या पुढे चिकटला असेल, तर इंजिनमध्ये किंवा मोजमापात काहीतरी बिघडलंय. अधिक चिन्ह म्हणजे कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटतंय आणि तो पेट्रोल ओततोय.

याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मॅनिफोल्डची चीर किंवा जळलेलं पॅकिंग. तुम्ही म्हणाल, गळती असेल तर धूर बाहेर जाईल, आत काय येणार? पण धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांमध्ये पाइपात क्षणभर ओढ निर्माण होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. गाडी थंड असताना स्टार्ट करून 'टिक टिक' असा आवाज येतो का ऐका, सांध्यापाशी काळी काजळी दिसते का बघा. हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नको. आणि गाडी तापल्यावर त्या पाइपांच्या आसपास हात घालू नका.

मागचा सेन्सरच खराब असेल तर? शक्य आहे, पण दुर्मीळ. सेन्सर म्हातारा झाला की सहसा सुस्त होतो, आणि सुस्त मागच्या सेन्सरमुळे कॅटकॉन उलट चांगला दिसतो! म्हणून 'आधी मागचा सेन्सर बदलून बघू' हा सल्ला आम्हाला पटत नाही. तपासणी सोपी आहे. इंजिन तापवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा, व्होल्टेज वर जायला हवा. सोडा, ०.१ च्या जवळ यायला हवा. लगेच गेला-आला, तर सेन्सर बरा आहे. मग २,५०० फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटं इंजिन स्थिर धरून दोन्ही सेन्सरचे आलेख शेजारी शेजारी बघा. गळती नाही, ट्रिम ठीक, मिसिंग नाही, आणि तरी मागचा पुढच्यासारखा नाचतोय, तर कॅटकॉन खरंच थकलाय. तापमानाची बंदूक कॅटकॉनच्या दोन्ही टोकांना लावून निदान करणारे व्हिडिओ खूप आहेत. आधुनिक इंजिनच्या धुरात जळायला फारसं काही उरतच नाही, त्यामुळे त्या फरकावर आम्ही पाच आकडी निर्णय घेणार नाही.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी तपासावी लागते, सीएनजी. बाहेरून बसवलेल्या किटचा कॉम्प्युटर पेट्रोलच्या इंजेक्टरची वेळ वाचून त्यावरून गॅस सोडतो. ट्यूनिंग बिघडलं की पेट्रोलवर ट्रिम दोन टक्के आणि गॅसवर अठरा, असं चित्र दिसतं. शिवाय मिथेन रसायनाच्या दृष्टीनं हट्टी, तो जाळायला कॅटकॉन जास्त तापलेला लागतो. म्हणून आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवून दोन्ही आकडे लिहून ठेवा. फरक मोठा असेल तर आधी किटवाल्याकडे जा.

आता समजा कॅटकॉन खरंच गेलाय. तो कशानं गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटलं तर वीट वितळते. दिवा लुकलुकत असेल तर हेच होण्याचा इशारा असतो, तेव्हा गाडी ताणू नका. गाडी ऑइल खात असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि झिंक त्या थरावर बसतं. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळत असेल तर त्यातले क्षार बसतात. शिसं तर साफ विषच. म्हणून तर १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन आला तेव्हा सोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं, आणि २००० मध्ये ते देशभर झालं. वितळलेली वीट टाकीत ओतायच्या बाटलीनं परत जुळत नाही.

मागून प्रश्न आलाय की पीयूसी पास होतं, मग दिवा खोटा का? दोन्ही खरं असू शकतं. पीयूसी तापलेल्या, उभ्या गाडीचं घेतात, बरीच मिनिटं चालून आल्यावर. तेवढं काम अर्धा थकलेला कॅटकॉनही करतो. सकाळची थंड सुरुवात, चढावरचा जोर, हे तिथे मोजलंच जात नाही.

आणि दुसरा प्रश्न, वीट फोडून डबा रिकामा केला तर? ही 'सेवा' मिळते, हे आम्हालाही माहीत आहे. मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा लावून त्याला धुरापासून लांब ओढायचं, म्हणजे दिवाही विझतो. खरी चारशेवीस ही. गाडी तशीच पळते, फक्त कार्बन मोनॉक्साइड न बदलता बाहेर पडतो, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकाशी. ते बेकायदा तर आहेच. पण आमचा आक्षेप त्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांसाठी आहे.

राहिलं कोड पुसण्याचं. दुरुस्तीनंतर कोड पुसला की दिवा लगेच विझतो, पण परीक्षा अजून झालेलीच नसते. स्कॅनरवर 'रेडिनेस' नावाचं पान असतं, तिथे कॅटॅलिस्टपुढे 'अपूर्ण' असं दिसेल. ते 'पूर्ण' व्हायला पूर्ण थंड इंजिनपासून सुरुवात आणि मग हायवेवर एकसारख्या वेगानं थोडा वेळ, अशा दोन-तीन फेऱ्या लागू शकतात. नुसत्या गावातल्या चकरांवर ते आठवडाभरही अपूर्णच राहू शकतं. गॅरेजचे उरलेले पैसे द्यायचे ते ते पान 'पूर्ण' झाल्यावर, असं आधीच बोलून ठेवता आलं तर बघा.