मुख्यमंत्र्यांचे मोजमाप

विद्यमान मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या पंक्तीस बसतील काय, हा प्रश्न पुण्यात प्रत्येक राजवटीत विचारला जातो. आमच्या मते तो अकाली होय. यशवंतराव १९६२ मध्येच दिल्लीस गेले. त्यांच्या कारकीर्दीत स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांची कसोटी पुढेच लागली. वसंतराव नाईक १९७५ मध्ये पायउतार झाले. त्यांच्या काळी, १९७२ च्या दुष्काळात, हजारोंना आधार ठरलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. कर्तृत्वाचा अंतिम निवाडा काळच करतो. परंतु तेवढ्यावरून वर्तमान राज्यकर्त्यास टीकेतून सूट मिळत नाही. थोरवी इतिहासाने ठरवावी. कारभाराचा जाब मात्र नागरिकांनी आजच विचारला पाहिजे. पूर्वसूरींशी तुलना हे त्या जाबाचे उत्तर नव्हे.