अतिदक्षता विभागातला निरोप

रुग्ण आत, नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर. आत काय चालले आहे ते दिसत नाही. बाहेर येतात ते औषधांच्या चिठ्ठ्या आणि सहीचे कागद. अशात मृत्यू झाला, तर काही घरांत दुःख तेराव्यानंतरही ओसरत नाही. यंत्रांचे आवाज आठवतात, झोप उडते. ‘आपण सही करायला नको होती का?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही.

हा त्रास कमी करता येईल का, हे फ्रान्समधील २२ अतिदक्षता विभागांत तपासले गेले. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचण्याची आशा न उरलेल्या १२६ रुग्णांच्या नातेवाइकांचे दोन गट केले. एका गटाशी डॉक्टर नेहमीप्रमाणे बोलले. दुसऱ्या गटाशी बोलताना रुग्ण माणूस म्हणून कसा होता हे विचारले, त्यांना शंका विचारू दिल्या, भावना मोकळ्या करू दिल्या. शोकाविषयीची माहितीपुस्तिकाही दिली.

पहिल्या गटातली भेट साधारण २० मिनिटे चालली. त्यात नातेवाईक बोलले ५ मिनिटे. दुसऱ्या गटात भेट ३० मिनिटांची आणि नातेवाईक बोलले १४ मिनिटे. मृत्यूनंतर तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणे पहिल्या गटात ६९ टक्के, तर दुसऱ्या गटात ४५ टक्के जणांत आढळली. चिंता आणि नैराश्यही कमी होते.

फरक पडला तो दहा मिनिटांनी आणि ऐकून घेण्याने. रुग्णाच्या स्वभावाविषयी बोलता आले, की ‘आम्ही काय ठरवायचे?’ याऐवजी ‘त्यांना काय हवे असते?’ असा विचार होतो. निर्णयाचे ओझे थोडे हलके होते.

व्हेंटिलेटर काढणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. वेदना आणि धाप कमी करणारे उपचार अखेरपर्यंत चालूच राहतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि ‘लिव्हिंग विल’ मान्य केले. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे.

कागद नसला तरी नातेवाइकांनी डॉक्टरांकडे बसून बोलण्याची वेळ मागावी. सुधारणेची शक्यता किती, त्रास होतो आहे का, जवळ बसता येईल का, हे निःसंकोच विचारावे. आईवडिलांशी हा विषय धडधाकटपणीच काढलेला बरा.