अबोला किती दिवसांचा?

“बाबांना सांग, ताट वाढलंय.”

“आईला सांग, मला भूक नाही.”

दोन खोल्यांच्या घरात, चार हातांच्या अंतरावर बसलेल्या आईवडिलांमध्ये आठ-दहा वर्षांचे मूल अशी टपालाची ने-आण करत असते. भांडण नेमके कशावरून झाले, हे तिसऱ्या दिवशी बहुधा दोघांनाही नीट आठवत नाही. नणंदेच्या लग्नात आहेर किती करायचा, माहेरी जायचे तिकीट न विचारता का काढले, चारचौघांत बायकोला ‘तुला यातलं काय कळतं’ का म्हटले, असेच काहीतरी असते. कारण विसरते, अबोला मात्र राहतो. आता सगळी प्रतिष्ठा एकाच गोष्टीवर पणाला लागलेली असते, ती म्हणजे आधी कोण बोलणार?

गंमत अशी की अबोला धरणाऱ्या जोडप्याला शेजारीपाजारी समजूतदार समजतात. ‘त्यांच्या घरातून कधी मोठा आवाज आला नाही हो,’ असे कौतुकाने सांगतात. आरडाओरडा करणाऱ्यांची मात्र चाळभर चर्चा होते. पण संसाराचे अधिक नुकसान कशाने होते, असे विचाराल तर बऱ्याचदा उत्तर उलटे निघेल. भांडणारी माणसे निदान एकमेकांकडून काही मागत तरी असतात. लक्ष द्या, ऐका, माझी बाजू समजून घ्या. अबोला धरणारा सांगत असतो की तू घरात असलास काय आणि नसलास काय, मला सारखेच. हे चार दिवस ऐकत राहणे कुठल्याही कडाक्याच्या भांडणापेक्षा जड जाते.

दगडी भिंत

अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने पतीपत्नींमधील वादाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांची पद्धत साधी होती. जोडप्याला समोरासमोर बसवायचे, घरात नेहमी खटके उडवणाऱ्या एखाद्या विषयावर पंधरा मिनिटे बोलायला सांगायचे, त्याचे चित्रीकरण करायचे आणि त्याच वेळी दोघांच्या हृदयाचे ठोके मोजायचे. पुढे काही वर्षांनी त्यांच्यातील कोण एकत्र राहिले आणि कोण विभक्त झाले, याची नोंद ठेवायची.

यातून चार गोष्टी त्यांना सर्वांत घातक आढळल्या. कृतीऐवजी स्वभावावरच केलेली टीका, जोडीदाराविषयीची तुच्छता, प्रत्येक वेळी स्वतःचाच बचाव आणि चौथी, संभाषणातून अंग काढून घेऊन दगडी भिंतीसारखे बसून राहणे. आपल्याकडचा अबोला तो हाच.

या अभ्यासातील एक गोष्ट प्रत्येक पत्नीने, आणि पतीनेही, लक्षात ठेवण्यासारखी आहे. भिंत होऊन बसलेला माणूस वरून थंड दिसतो, आतून तो तसा नसतो. त्याच्या हृदयाचे ठोके बऱ्याचदा मिनिटाला शंभरच्या वर गेलेले असतात. शरीर धोक्याच्या तयारीत असते, त्यामुळे समोरच्याचे शब्द कानावर पडतात, पण मनात शिरत नाहीत. ‘मी एवढं जीव तोडून बोलतेय आणि हे वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढत नाहीत’ अशी जिची तक्रार असते, तिचा पती बेफिकीर असेलच असे नाही. कदाचित तो पुरता गांगरलेला असेल. गॉटमन यांच्या पाहणीत भिंत होणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के पुरुष होते.

आपल्या घरातली गोष्ट थोडी निराळी

हा आकडा अमेरिकेतल्या जोडप्यांचा आहे. तो जसाच्या तसा आपल्याकडे लावावा, असे आम्हाला वाटत नाही. आपल्याकडे रुसण्याचा मान परंपरेने बायकांचा. कैकेयीचे कोपभवन सर्वांना ठाऊक आहे. पंढरपूरला तर प्रत्यक्ष रुक्मिणीच रुसून आली, अशी कथा आहे. द्वारकेत राधेला कृष्णाजवळ बसलेले पाहून ती रागावली, कुणालाही न सांगता निघाली आणि दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधत देव पाठोपाठ आले. आजही तिथे विठ्ठलाचा गाभारा वेगळा आणि रुक्मिणीचा वेगळा आहे.

यामागचे कारण उघड आहे. एकत्र कुटुंबात सुनेला सासूसासऱ्यांसमोर आवाज चढवण्याची सोय नव्हती. हातात पैसा नव्हता, माहेरी निघून जाणे सोपे नव्हते. मग नाराजी दाखवायची कशी? ताटावरून उठायचे, पाठ फिरवून निजायचे, बोलायचे नाही. जिच्याकडे दुसरे कुठलेच हत्यार नव्हते, तिने हे वापरले, यात तिला दोष देता येत नाही.

शिवाय तेव्हा अबोला सोडवणारी माणसेही घरात असत. आत्या दोघांनाही सुनावत असे, मोठी जाऊ हळूच विचारत असे, मामंजी मुद्दाम दोघांना मिळून एखाद्या कामाला पाठवत. आज बडोद्याला, हैदराबादला किंवा बंगळूरला बदली होऊन गेलेल्या जोडप्याच्या फ्लॅटमध्ये हे कोणीही नसते. दार लावले की दोघेच. अबोला जुनाच राहिला, पण तो सोडवण्याची व्यवस्था संपली. म्हणून आता ती दोघांनाच करावी लागते.

वेळ सांगून थांबा

राग आला की लगेच, त्याच क्षणी बोलून मोकळे व्हावे, असा सल्ला पुष्कळजण देतात. आम्हाला तो पटत नाही. डोके तापलेले असताना माणूस जे बोलतो, ते पुढे दहा वर्षे ऐकवले जाते.

गॉटमन यांच्याच एका प्रयोगात जोडप्यांचा वाद पंधरा मिनिटांनी मध्येच थांबवला गेला. ‘आमची उपकरणे जरा ठीक करायची आहेत, तोवर विषयावर बोलू नका’ असे सांगून त्यांना सुमारे अर्धा तास मासिके चाळायला दिली. (मासिकांचा असाही उपयोग होतो, हे कळून आम्हाला साहजिकच आनंद झाला!) पुन्हा बोलायला बसवले तेव्हा हृदयाचे ठोके उतरलेले होते आणि तोच विषय दोघे बऱ्याच शांतपणे बोलू शकले.

म्हणजे थांबणे वाईट नाही. फरक आहे तो सांगून थांबण्यात आणि न सांगता गप्प होण्यात. ‘मला आत्ता खूप राग आलाय. मी जरा चक्कर मारून येतो, जेवण झाल्यावर बोलू,’ एवढे म्हणून बाहेर पडणारा पती आणि दार आपटून निघून जाणारा पती, दोघेही तासाभरानेच परततात. पण मधला तास पत्नीला किती वेगळा जातो! पहिलीला ठाऊक असते की विषय संपलेला नाही, बोलणे होणार आहे. दुसरी तासभर मनातल्या मनात भांडत राहते.

निदान वीस मिनिटे तरी जाऊ द्यावीत, कारण शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतोच. मात्र एक दिवस उलटू देऊ नये. एका दिवसानंतर ती विश्रांती राहत नाही, शिक्षा होते. आणि त्या वीस मिनिटांत ‘आता आला की हे ऐकवीन आणि ते ऐकवीन’ अशी उजळणी चालू ठेवली, तर थांबून काहीच उपयोग नाही. त्यापेक्षा कपडे वाळत घाला, कुंड्यांना पाणी द्या, भाजी निवडा. आणि ज्याने थांबायला सांगितले, त्यानेच ठरल्या वेळी पुन्हा बोलायला यायचे. हा भाग बहुतेकजण विसरतात आणि मग जोडीदाराचा त्या ‘नंतर बोलू’वरचा विश्वासच उडतो.

कोंडी फोडणारे वाक्य

बोलायला बसलात, आता पहिले वाक्य कोणते? समजा, पतीने गावी भावाला मोठी रक्कम पाठवली आणि पत्नीला ते बँकेच्या संदेशातून कळले. ती म्हणू शकते, “तुम्हाला आम्ही कधी दिसतच नाही, सगळं तुमच्या घरच्यांसाठी!” किंवा म्हणू शकते, “तुम्ही पैसे पाठवले त्याचं काही नाही. पण मला सांगितलं नाहीत, तेव्हा मी या घरात परकी आहे असं वाटलं.” पहिल्या वाक्याला पतीकडे एकच उत्तर असते, ‘आणि तुझ्या घरच्यांचं काय?’ दुसऱ्या वाक्यात एकच घटना आहे, एकच दुखणे आहे. त्यावर त्याला काही करता येते.

‘कधीच’, ‘नेहमीच’, ‘तुमच्या घराण्यातच’, हे शब्द वादातून काढून टाकले तरी निम्मी धग कमी होते. पतीनेही ‘बरं बाबा, चुकलं माझं, झालं समाधान?’ अशी माफी मागू नये. ती माफी नव्हे, विषय बंद करण्याची घाई असते आणि कोणत्याही बाईला ती ताबडतोब कळते. त्यापेक्षा “तुला आधी सांगायला हवं होतं. तू नको म्हणशील या भीतीने बोललो नाही,” हे खरे कारण सांगणे अवघड असले, तरी त्याने दोघे जवळ येतात. भीती होती, हे कळल्यावर रागाचा रोखच बदलतो.

प्रत्येक वाद सुटलाच पाहिजे, हा हट्टही सोडावा. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांच्या वादाचे ६९ टक्के विषय कायमचे निघाले. वर्षांनंतर पाहावे तर तीच जोडपी त्याच विषयावर बोलत होती! सुखी आणि दुःखी, दोन्ही प्रकारची. एकाला पंखा पाचवर लागतो, दुसऱ्याला दोनवर. एकाला पैसा साठवल्याशिवाय झोप येत नाही, दुसऱ्याला तो खर्चल्याशिवाय. पतीचा रोज रात्रीचा आईला फोन आणि पत्नीचे रोज दुपारी बहिणीशी बोलणे. हे मिटणार नाही. ज्यांचे बरे चालते, ते त्या विषयावर थट्टा करायला शिकतात, सोय लावतात, दुसरा पंखा आणतात.

‘हं’ म्हणणारा नवरा

अबोला सुटला म्हणून जवळीक येत नाही. ती भांडण नसलेल्या दिवसांत जमा होत असते आणि भांडणाच्या दिवशी खर्च होते.

नवविवाहित जोडप्यांची त्यांनी सहा वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा जी जोडपी एकत्र होती, त्यांनी सुरुवातीच्या काळात जोडीदाराच्या साध्यासुध्या बोलण्याला १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता. जी विभक्त झाली, त्यांनी फक्त ३३ वेळा. बोलणे तरी काय? “अगं, खिडकीत बघ, कसला पक्षी आलाय!” “आज भाजीवाला काय म्हणाला माहीत आहे?” याला उत्तर म्हणून मान वर करून पाहणे पुरेसे असते. मोबाइलवरची नजर न हलवता ‘हं’ म्हणणाऱ्या पतीला आपण काही चूक करतोय असे वाटतही नाही. पण असे पन्नास ‘हं’ ऐकले की पत्नी सांगायचे सोडून देते. मग एक दिवस तो विचारतो, “हल्ली तू काही बोलत का नाहीस?”

नोकरी करणाऱ्या पत्नीकडूनही हेच घडते, हे मान्य करायला हवे. दोघेही थकून आलेले असताना संध्याकाळी घरात फक्त व्यवस्थापन चालते. दूध आणलं का, फी भरली का, उद्या गॅस येणार आहे. दिवसातून पंधरा मिनिटे तरी अशी असावीत, ज्यात मुले, पैसा आणि नातेवाईक हे तीन विषय वर्ज्य. सुरुवातीला काय बोलावे हेच सुचत नाही, इतकी सवय मोडलेली असते.

आणि मुलाकडून निरोप पाठवणे आजच थांबवावे. ते निरोप्याचे काम हसतखेळत करताना दिसते, पण आईचे काम केले की बाबांशी बेइमानी झाली आणि बाबांचे केले की आईशी, हा हिशोब त्याच्या मनात चालू असतो.

अबोला की छळ?

इथवर लिहिले ते सर्व दोघांचीही इच्छा असलेल्या संसाराबद्दल. आठवडेच्या आठवडे न बोलणे, घरखर्चाचे पैसे बंद करणे, माहेरच्यांशी संबंध तोडायला लावणे, याला रुसवा म्हणत नाहीत. २००५च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक मारहाणीबरोबरच भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार मानले आहे. अशा पत्नीला गोड बोलण्याचा सल्ला देणे हा तिच्यावर आणखी एक अन्याय होईल. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या यंत्रणेतच चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्यांची सुरुवात १९८४मध्ये मुंबईत केली.

न्यायालयानेही ही रेषा आखण्याचा प्रयत्न केला आहे. समर घोष विरुद्ध जया घोष या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये मानसिक क्रौर्याची चर्चा केली. नुसता कोरडेपणा किंवा प्रेमाचा अभाव म्हणजे क्रौर्य नव्हे, संसारातल्या रोजच्या कुरबुरीही नव्हेत. पण उपेक्षा आणि बेपर्वाई इतक्या थराला गेली की दुसऱ्याला एकत्र राहणे असह्य व्हावे, तर ते क्रौर्य ठरू शकते, असे त्या निकालात म्हटले आहे.

तिथवर जाण्याआधी समुपदेशकाचा रस्ता आहे. १९८४च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकांची सोय असते, पण त्यांची भेट होते तेव्हा अर्ज दाखल झालेला असतो आणि मने पुष्कळ कठोर झालेली असतात. त्याच्या पुष्कळ आधी, केवळ अबोले लांबू लागले आहेत एवढ्याच कारणासाठी खाजगी समुपदेशकाकडे किंवा एखाद्या इस्पितळातील मानसोपचार विभागात जाता येते. ‘आपण काय वेडे आहोत?’ असे म्हणून पती यायला नकार देईल. पत्नीही देईल. तर एकट्याने जावे. पहिल्या भेटीला दोघांनी असलेच पाहिजे, असा कुठलाही नियम नाही.