वैमानिक प्रशिक्षण : सुरक्षितता आणि नावलौकिक

महाराष्ट्रात वैमानिक प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. आज बारामती, धुळे आणि गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्ट्यांवर तरुण-तरुणी उड्डाणाचे धडे घेतात. या संस्थांचा नावलौकिक कशावर अवलंबून असतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

वर्दळीतील धोके

व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. त्यांपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी प्रशिक्षणार्थीने स्वतः वाहिलेली असावी लागते. आरंभीच्या काळात उड्डाण करून विमानतळाभोवती फेरी घ्यावयाची आणि पुन्हा उतरावयाचे, हाच सराव शेकडो वेळा होतो. एकाच धावपट्टीभोवती अनेक विमाने असतात आणि त्यांतील काही नवशिक्यांच्या हाती असतात. जेथे नियंत्रण मनोरा नसतो, तेथे प्रत्येकाने रेडिओवरून आपले स्थान वेळेवर सांगणे हाच मुख्य आधार असतो.

पावसाळ्यात उड्डाणे खंडित होतात, तास साचतात आणि आकाश निवळताच ते भरून काढण्याची घाई सुरू होते. प्रशिक्षकाचा थकवा आणि लांबणीवर पडलेली किरकोळ दुरुस्ती यांतून अपघाताची बीजे पेरली जातात. म्हणून शिष्य एकट्याने उडण्यास अद्याप तयार नाही, असे ठामपणे सांगणारा प्रशिक्षक संस्थेचे नुकसान करीत नसून तिची पत राखीत असतो.

पत कशी टिकते?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच आठवड्यात एका संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे सर्व तळांवरील प्रशिक्षण स्थगित केले. परिणामी, अपघाताशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांचेही शिक्षण अडले. २०२५ पासून महासंचालनालय प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करू लागले असून, त्यात सुरक्षिततेला स्वतंत्र गुण आहेत.

तथापि केवळ कोरी नोंदवही हे सुरक्षिततेचे प्रमाण नव्हे. विमान जोराने टेकले, संदेश चुकला, दोन विमाने अनावश्यक जवळ आली, अशा घटना निर्भयपणे नोंदविल्या गेल्या तरच त्यांचे कारण सापडते. शिक्षेच्या भीतीने चूक लपविली गेली, तर तीच चूक उद्या दुसऱ्याच्या हातून घडते.

समाजाचा वाटा

विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास नियमाने मनाई आहे, कारण त्यामुळे पक्षी जमतात. लहान विमानाला घारीची धडकही घातक ठरू शकते. कचऱ्याची योग्य व्यवस्था लावणारी ग्रामपंचायत या सुरक्षिततेत प्रत्यक्ष सहभागी होते.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनीही योग्य दिशा दाखवावी. परवाना किती महिन्यांत मिळेल, एवढेच विचारून प्रवेश घेऊ नये. विमाने किती, प्रशिक्षक किती, देखभाल कोण करते आणि झालेल्या चुकांची चर्चा होते काय, हेही विचारावे. या प्रशिक्षणासाठी अनेक कुटुंबे कर्ज काढतात. त्याहून मोलाचे असे त्यांचे मूल संस्थेच्या हाती सोपविलेले असते. या विश्वासास पात्र ठरणे हाच संस्थेचा खरा नावलौकिक होय.