तारामतीला आवाज फुटला

1913 साली आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या. शेवटी अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवून त्यांनी वेळ निभावली. 1932 साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनं हीच कथा 'अयोध्येचा राजा' या बोलपटात आणली तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या लाडांच्या घरातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या. एकोणीस वर्षांत समाज सुधारला, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. मला मात्र त्यात मायक्रोफोनचा वाटा मोठा वाटतो.

मूकपटात चेहरा पुरत असे. बोलपट आला आणि मूकपटाची राणी म्हणवणाऱ्या सुलोचनेलाही, म्हणजे रूबी मायर्सना, हिंदुस्थानीची उजळणी करत बसावं लागलं. आता वाणी स्वच्छ हवी, गळाही हवा. पार्श्वगायन अजून यायचं होतं. नटीनं कॅमेऱ्यासमोर हावभाव सांभाळत स्वतःच गायचं, आणि साजिंद्यांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून साथ करायची. 'प्रभात'मध्ये आवाजाची बाजू विष्णुपंत दामल्यांकडे होती. त्यातून चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघायचा. म्हणजे तारामतीनं रडायचं तेसुद्धा दोनदा!

आधीच्या 'फरेबी जाल'मधल्या छोट्याशा कामापायी दुर्गाबाईंनी भरपूर बोल ऐकून घेतले होते. घरची आर्थिक ओढाताण नसती तर त्या या वाटेला परत फिरकल्या असत्या का, कोण जाणे. पण 'अयोध्येचा राजा'नं चित्र पालटलं. पुढे 'अमरज्योती'त (1936) त्या चाच्यांची म्होरकी सौदामिनी झाल्या.

1933 साली कंपनी पुण्याला आली आणि तिथे तिचे सोन्याचे दिवस सुरू झाले. 'संत तुकाराम'मधली (1936) गौरी आठवा. ही बाई शिकलेली नव्हती, घराणंही मोठं नव्हतं. कंपनीतच किरकोळ कामं करायची. पण आजारी पोराला फरफटत देवळात नेऊन विठोबावरच पायतण उगारणारी तिची जिजाई पाहिली की पाग्निसांचा तुकाराम घटकाभर बाजूला राहतो. तिच्या तोंडची ठसकेबाज बोली मूकपटाच्या पाटीवर लिहून कशी दाखवणार?

'कुंकू'त (1937) शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी संसार करायला साफ नकार देते. दिग्दर्शक शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत घातलंच नाही. कथेतल्या जगात जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. त्या शांततेत केसांना कलप लावणारे काकासाहेब, त्यांचं ते भिंतीवरचं घड्याळ आणि नीरेचा करारी आवाज. केशवराव दात्यांनी काकासाहेब इतके बिचारे केले आहेत की त्यांचा धड रागही येत नाही. नीरा एके ठिकाणी लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गाते. तेवढा तुकडा मला अजूनही ठिगळासारखा वाटतो.

पडद्यावरची ही नीरा बाहेरही तशीच निघाली. 1939 साली कराराच्या वादावरून शांताबाई थेट 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. एका गाजलेल्या नटीनं आपल्याच कंपनीच्या दारात असं ठाण मांडणं लोकांना अजब वाटलं. शांताबाईंनी 'प्रभात' सोडली, आणि 1940 साली पुस्तक लिहिलं. त्याचं नाव, 'जाऊ मी सिनेमात?'