भाडोत्री गुंडांची प्रेमकथा

कोवळ्या प्रेमाच्या सिनेमात मारामारी हवी की नको, यावर आमच्या फिल्म सोसायटीत रात्र-रात्र वाद झाले आहेत. मला तो प्रश्नच फोल वाटतो. विचारायचं असेल तर एवढंच विचारावं, की मारतं कोण?

‘बॉबी’त (१९७३) मुलाच्या बापाने लावलेल्या बक्षिसाच्या लोभाने गुंड पोरांच्या मागे लागतात आणि शेवटी दोन्ही बाप त्याच पोरांना वाचवून पुण्य पदरात पाडून घेतात. ‘एक दुजे के लिए’त (१९८१) अख्खा सिनेमाभर छळलं घरच्यांनी, पण घात केला बाहेरच्यांनी. ‘कयामत से कयामत तक’मध्ये (१९८८) बाप सुपारी देतो, पण गोळी सुटते भाडोत्री माणसाच्या बंदुकीतून. थोडक्यात काय, घरच्यांचे हात कोरडेच. प्रेक्षक डोळे पुसत घरी गेले आणि आपल्या लेकीच्या वह्या तपासायला लागले!

मधल्या काळातल्या कॉलेजपटांबद्दल न लिहिलेलंच बरं. तिथे मार म्हणजे नायकाच्या कपाळावरची चिकटपट्टी.

मग ‘फँड्री’ आला. त्याच्या नायकाला, जब्याला, कुणी चाकू दाखवत नाही. त्याला आवडणाऱ्या शालूच्या देखत डुकरं धरायला लावतात आणि गाव हसतं, बस्स. त्याने शेवटी भिरकावलेला दगड सरळ आपल्या अंगावर येतो.

आणि ‘सैराट’. योगायोग बघा, तोही ‘कयामत’सारखा २९ एप्रिललाच लागला, २८ वर्षांनी. त्याच्या शेवटाला ‘धक्कातंत्र’ म्हणणारे विद्वान मला अजून भेटतात. त्यांनी पूर्वार्ध गाण्यांवर नाचण्यात घालवला असावा. भर वर्गात पाटलांचा प्रिन्स, म्हणजे नायिका आर्चीचा भाऊ, शिक्षकाच्या कानफटात वाजवतो, तिथेच दिग्दर्शक नागराजने सगळं सांगून टाकलं आहे. त्याहून मोलाची मला वाटते ती जोडी पळून गेल्यावरची, हैदराबादमधली थप्पड. संशयाने पेटलेला नायक परश्या आर्चीवर हात उगारतो. बुलेट चालवणारी, बंदूक झाडणारी पोरगी घर सोडते आणि परतही येते. पाटलांच्या वाड्यातून पळालेली जोडी वाड्याची सवय सोबत घेऊन आली होती, हे दाखवायला धैर्य लागतं. त्या प्रसंगावर किती समीक्षकांनी लिहिलं?

शेवटी तर सुपारीच नाही. सख्खा भाऊ येतो, आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. आर्ची चहा टाकते. आर्ची-परश्याचे खून पडद्यावर होतच नाहीत. शेजारीण त्यांच्या पोराला दारात सोडून जाते, ते आत जातं, रडतं, पण आवाज नाही. अजय-अतुलच्या संगीतावर शिट्ट्या मारणारी थिएटरं तिथे चिडीचूप झाली. इतके सिनेमे पाहिले, पण अशी शांतता मी दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमाला अनुभवलेली नाही.

हिंदीवाल्यांनी ‘धडक’मध्ये (२०१८) गोष्ट उदयपूरला नेली, जात पुसट केली आणि नवरा व मूल मारून नायिका जिवंत ठेवली. मेले दोघं, पण कशासाठी ते प्रेक्षकाला कळायला नको! हल्ली तर रक्त संथगतीत उडतं, मागे ढोल वाजतात आणि मुलीला ढकलणारा, तिच्यावर पहारा ठेवणारा पोरगाच ‘खरा प्रेमी’ ठरतो. गुंड भाड्याने आणायचीही गरज उरली नाही, नायकच ते काम करतो.

‘सैराट’ पुन्हा पाहाल तेव्हा गाण्यांनंतर उठू नका. हैदराबादचा भाग घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून पाहा आणि त्या थप्पडेबद्दल त्याला काय वाटतं ते विचारा.