शेजाऱ्यांचं ऐकणारे बाण

ड्युसेलडॉर्फहून अर्ध्या तासात कोलोन येतं. पाहुण्यांना डोम दाखवायला आपण हमखास तिथे नेतो. याच शहरात १० मे १९०० रोजी एर्न्स्ट ईझिंग जन्मले. लहानपण बोखुमला गेलं. इंग्रजीतून शिकलेले त्यांना 'आयसिंग' म्हणतात, आणि भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असतं.

हॅम्बुर्गला त्यांचे प्राध्यापक विल्हेल्म लेन्झ यांनी त्यांना लोहचुंबकाचं कोडं दिलं. लोखंड तापवत गेलं, की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं. या तापमानाला क्रांतिक तापमान म्हणतात. आता प्रत्येक अणू म्हणजे एक बाण समजा. त्याचं तोंड वर किंवा खाली, तिसरी गोष्ट नाही. बाण फक्त लगतच्या शेजाऱ्यांचं ऐकतो. उष्णता मात्र त्याला उलटसुलट करत राहते. बहुतेक बाण एका दिशेला राहिले, की झाला चुंबक.

ईझिंगनी बाण एका ओळीत मांडले. १९२५ साली छापलेलं उत्तर निराशाजनक होतं: चुंबक होतच नाही. ओळीत एका जागी दिशा बदलली, की पलीकडच्यांना सावरायला दुसरा शेजारी नसतो. १९३६ साली रुडॉल्फ पायर्ल्सनी दाखवलं, की बाण चौकटींच्या जाळीत मांडले तर कमी तापमानाला शिस्त टिकते. १९४४ साली लार्स ऑन्सागरनी जाळीचं क्रांतिक तापमान अचूक काढलं.

ईझिंगना याचा पत्ताच नव्हता. ज्यू म्हणून १९३३ साली त्यांची नोकरी गेली, १९३९ साली ते लक्झेंबर्गला पळाले, १९४७ साली अमेरिकेला पोचले. आपलं नाव एवढं गाजतंय हे त्यांना १९४९ साली कळलं! १९९८ साली ते वारले.

लांबी, रुंदी, उंची असलेल्या जाळीचं अचूक सूत्र आजही कोणाला सापडलेलं नाही. तिथे कॉम्प्युटर लागतो. लाखो बाण मांडायचे, एक निवडायचा, शेजारी बघायचे, फासा टाकून तो फिरवायचा की नाही ते ठरवायचं. आणि हे अब्जावधी वेळा. क्रांतिक तापमानाजवळ लहानमोठे सगळ्या आकारांचे पुंजके बनतात आणि उत्तर स्थिरावायला फार वेळ लागतो. आपल्या नैऋत्येला असलेल्या युलिखच्या संशोधन केंद्रातल्या महासंगणकांवर अशी आकडेमोड वर्षानुवर्षं झाली आहे.

कोलोन विद्यापीठातले डीट्रिश श्टाउफर आयुष्यभर अशीच गणितं करत होते. २००५ साली त्यांनी क्रिस्टियान शुल्झंबरोबर बाणांऐवजी भाषा घेतल्या. त्यांच्या प्रतिमानात लहान भाषा बोलणारे मोठ्या भाषेकडे वळत होते. निष्कर्ष असा, की बदलाचा वेग एका मर्यादेखाली असेल तर एकच भाषा सगळ्यांवर पसरते. मर्यादा ओलांडली, की अनेक भाषा उरतात. मधला पल्ला हळूहळू सरत नाही, एकदम पलटतो.

माणसं म्हणजे बाण नव्हेत, हे खरंच. तरीही घरात विचार करण्यासारखं आहे. आजीचा रविवारचा फोन ही एकच ओळ झाली. ती तुटली, की मुलांचं मराठी तिथेच थांबतं. मावशी, शेजारचे काका, मंडळातले दोस्त असे चारी बाजूंनी मराठी कानावर पडलं, तर एक धागा सुटला तरी बाकीचे सावरून घेतात. तेव्हा गणपतीला मुलांना आवर्जून आणा, आणि तिथे त्यांच्याशी जर्मन बोलू नका!